ग्रॅनडाच्या ताटातली साक्ष

अंदलुसचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कुर्तुब्याच्या मशिदीतल्या लाल-पांढऱ्या कमानी, अल्‌हंब्राच्या भिंतींवरची नक्षी, आणि गरनात्याच्या किल्ल्या शत्रूच्या हाती देऊन डोंगराच्या खिंडीत मागे वळून रडणारा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना ही चित्रे पाठ असतात. इक्बाल १९३३ साली स्पेनला जाऊन आले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवर त्यांनी नज्म लिहिली. नसीम हिजाझींच्या कादंबऱ्यांनी गरनात्याचा पाडाव घरोघरी पोहोचवला. या साऱ्यात राजवाडा आहे, तलवार आहे, आसवे आहेत. स्वयंपाकघर मात्र नाही. सुलतान गेल्यावर त्याच्या शहरातल्या हजारो साध्या माणसांच्या चुलींचे काय झाले, हा प्रश्न आम्हांला शाळेत कुणी विचारला नाही, आणि आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे विचारला नाही.

हे स्वयंपाकघर आज एका वेगळ्याच वाटेने जगासमोर येत आहे. गरनाता, म्हणजे आजचे ग्रॅनडा, हे स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतातले शहर. तिथे पर्यटकांसाठी खाद्यफेऱ्या निघतात. त्यांना फूड वॉक म्हणण्याची रीत आपल्याकडेही आता रुजली आहे. एक वाटाड्या आठ-दहा माणसांना घेऊन जुन्या गल्ल्यांतून पायी फिरतो. तीन-चार तासांत पाच-सहा ठिकाणी थांबायचे, प्रत्येक ठिकाणी चार घास खायचे आणि त्या घासांमागची गोष्ट ऐकायची. ग्रॅनडात पेय मागवले की त्यासोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. तिला तापा म्हणतात. या प्रथेमुळे खाद्यफेरीला ते शहर सोयीचेच आहे. आम्ही पडलो मास्तर. आमची फेरी नकाशावर बोट ठेवून आणि ग्रंथांच्या आधाराने चालते. वाचकांनी आमच्याबरोबर त्याच गल्ल्यांतून एकदा यावे. मात्र वाटाड्या जिथे गोष्ट संपवतो, तिथून दोन पावले पुढे जायचे.

सुरुवात कोराल देल कार्बोनपासून करू. चौदाव्या शतकातली ही इमारत म्हणजे मूळचा फुंदुक. व्यापाऱ्यांची सराई आणि मालाचे, विशेषतः धान्याचे, कोठार. घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान, आत चौक, मध्ये हौद, भोवती तीन मजली खोल्या. पुढे तिथे नाटके झाली, कोळशाची वखार आली आणि त्यावरूनच आजचे नाव पडले. रस्ता ओलांडून पलीकडे आल्काइसेरिया, म्हणजे अरबीतली कैसरिया. ही रेशमाची बाजारपेठ होती. मूळ बाजार १८४३ च्या आगीत जळाला. आज दिसतो तो नंतर बांधलेला. बाजाराच्या पाठीमागे पहिल्या यूसुफ सुलतानाने १३४९ साली काढलेला मदरसा आणि त्यासमोर, सुलतानाकडून शहर जिंकून घेणाऱ्या फर्डिनांड-इसाबेला या राजा-राणीच्या कबरी. सराई, बाजार, मदरसा सगळे एका हाकेच्या अंतरावर.

या शहराने २ जानेवारी १४९२ रोजी शरणागती पत्करली. तिच्या अटी त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये लिहून झाल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांतले मोठे मुद्दे येतात: मशिदी राहतील, काझी राहतील, दीन पाळता येईल. पण त्या अहदनाम्यात एक छोटे कलम आहे, आणि आमच्या दृष्टीने तेच फार बोलके आहे. ख्रिस्ती लोकांची मांसाची दुकाने मुसलमानांच्या दुकानांपासून वेगळी राहतील, एकांचा जिन्नस दुसऱ्यांच्या जिनसांत मिसळला जाणार नाही आणि जो मिसळील त्याला शिक्षा होईल, असे त्यात लिहून दिले होते. म्हणजे शहर हवाली करणाऱ्यांना ठाऊक होते की राज्य गेले तरी माणूस जगतो. त्याच्या ताटात कुणी हात घातला तर मात्र जगणे अवघड होते.

हा कौल दहा वर्षेही टिकला नाही. १४९९ साली तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस ग्रॅनडात आले. धर्मांतराची सक्ती सुरू झाली, आल्बाइसिन मोहल्ल्यात उठाव झाला, आणि उठावाचे निमित्त करून करार मोडीत काढण्यात आला. १५०२ च्या फर्मानाने कास्तियाच्या राज्यातल्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या, बाप्तिस्मा किंवा देशत्याग. बाप्तिस्मा घेतलेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले.

आता दुसरा मुक्काम, बिब-रांब्ला चौक. हे अरबीतले बाब अर्‌-रम्ला, म्हणजे वाळूचा दरवाजा. फुलांची दुकाने, कारंजे आणि उपाहारगृहे. इथे पर्यटकांना चुरोस देतात. पिठाच्या लांब कांड्या तेलात तळायच्या आणि दाट चॉकलेटमध्ये बुडवून खायच्या. थंडीच्या सकाळी याहून चांगली न्याहारी नाही असे खाणारे सांगतात. याच चौकात सिस्नेरोस यांच्या हुकमाने अरबी ग्रंथांची होळी झाली, असे इतिहास सांगतो. वैद्यकाचे काही ग्रंथ तेवढे वाचवून त्यांनी आल्कालाच्या आपल्या विद्यापीठासाठी नेले. काही वाटाडे हे सांगतात, काही सांगत नाहीत. चॉकलेटच्या पेल्याशी राखेची गोष्ट कोण सांगणार? पण या पेल्याचाही त्या काळाशी संबंध आहे. शहर पडल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ एप्रिल १४९२ रोजी, ग्रॅनडाजवळच्या सांता फे या लष्करी छावणीत राजा-राणींनी कोलंबसाशी करार केला. हिंदुस्थानकडे जायची वाट शोधायला निघालेला तो माणूस अमेरिकेला पोहोचला, आणि चॉकलेट, टोमॅटो, मिरची, बटाटा त्या बाजूने जगभर पसरले. आपल्या रश्श्यातली लाल मिरची आणि मराठीतला पोर्तुगीज वळणाचा ‘बटाटा’ त्याच प्रवासातून आले. एकाच वर्षी, एकाच छावणीच्या आसपास, एक दस्तरखान उठत होते आणि दुसऱ्याची मांडणी सुरू होत होती.

तिसरा मुक्काम एखाद्या जुन्या खानावळीत. इथे हमखास येते ते वांगे. वांग्याचे काप तळून त्यांवर उसाचा पाक सोडतात. त्याचे स्पॅनिश नाव आहे उसाचा मध. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकांना आम्ही सरळ काकवी म्हणून सांगतो. मुसलमानांच्या काळापासून ग्रॅनडाच्या किनाऱ्यावर ऊस पिकत होता, आणि तिथला साखरेचा शेवटचा कारखाना २००६ साली बंद झाला.

हे वांगे तिथे पोहोचले कसे? स्पॅनिशमध्ये वांग्याला ‘बेरेंहेना’ म्हणतात. ते अरबी ‘बाज़िंजान’वरून आले, अरबीने ते फारसीकडून घेतले आणि फारसीने हिंदुस्थानकडून. साखर तिथे ‘आसुकार’ आहे. ते अरबी ‘अस्‌-सुक्कर’. त्याच्यामागे फारसी ‘शकर’ आणि मुळाशी संस्कृत ‘शर्करा’. नारिंगाचे ‘नारांहा’ झाले, जाफरानचे ‘आसाफ्रान’, जैतूनच्या तेलाचे, म्हणजे ‘अझ्‌-झैत’चे, ‘आसेते’. कोफ्त्याला ते ‘आल्बोंदिगा’ म्हणतात, आणि ते आले अरबी ‘बुंदुक’पासून. बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचे छोटे गोल फळ. त्याच्यासारख्या गोळ्या झाडणारी म्हणून आपली ‘बंदूक’ही त्याच घराण्यातली. वर्गात हे फळ्यावर लिहिले की मुले हसतात, पण नकाशा मग विसरत नाहीत. हिंदुस्थानातून इराण, इराणातून इराक व शाम, तिथून मिसर आणि मग अंदलुस. त्या वाटेने बी गेले, बियाबरोबर शब्द गेला आणि शब्दाबरोबर पाटाचे पाणी देण्याचे ज्ञानही गेले.

तेराव्या शतकात मुर्सियाच्या इब्न रज़ीन अत्‌-तुजीबी या गृहस्थाने आपला मुलूख सुटल्यावर तूनिसमध्ये बसून अंदलुसच्या पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वांग्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. वतन गेल्यावर माणसाने वतनाचे पदार्थ लिहून ठेवावेत, यावर अधिक भाष्य नको.

आता या वांग्याची पुढची कथा. ‘दोन किहोते’ ही स्पॅनिश भाषेतली सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. तिचा लेखक सेर्वांतेस गमतीने सांगतो की ही कथा आपली नाही, सिदी हामेते बेनेंगेली नावाच्या अरबी इतिहासकाराने लिहिलेली आहे. १६१५ सालच्या दुसऱ्या भागात सांचो पांझा हा भोळा सेवक ते नाव चुकून ‘बेरेंहेना’ असे उच्चारतो, आणि वर म्हणतो की मूर लोकांना वांगी फार आवडतात असे आपण ऐकून आहोत. त्या काळचा स्पॅनिश वाचक खळखळून हसला असेल. पण १६१५ साल लक्षात घ्या. त्याच्या एकच वर्ष आधी देशातल्या मोरिस्कोंची हकालपट्टी पूर्ण झाली होती. वांगे खाणारा म्हणजे मूर, ही ओळख विनोदात शिरण्याआधी न्यायालयात शिरलेली होती.

चौथ्या मुक्कामावर आमच्यासारख्यांची पंचाईत होते, कारण तिथे हॅम असते. ग्रॅनडाच्या दक्षिणेला आल्पुहारा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यातले त्रेवेलेस हे उंचावरचे गाव मिठात मुरवून थंड वाऱ्यावर सुकवलेल्या डुकराच्या मांडीसाठी प्रसिद्ध आहे. खानावळीच्या छतापासून त्या मांड्या टांगलेल्या असतात. वाटाड्या हवेची, मिठाची, महिन्यांची गोष्ट सांगतो आणि ती खरीही असते. पण आल्पुहारा हाच तो मुलूख, जिथे १५६८ च्या नाताळात मोरिस्कोंचा मोठा उठाव झाला. तो मोडायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यानंतर ग्रॅनडाच्या राज्यातून सुमारे ८० हजार मोरिस्कोंना हुसकावून कास्तियात विखुरले, आणि त्यांच्या रिकाम्या गावांत उत्तरेकडून आणलेली ख्रिस्ती कुटुंबे वसवली.

उठाव का झाला? त्याआधीची पन्नास वर्षे ताटाच्या तपासणीची होती. १५११ पासूनच्या फर्मानांनी मोरिस्कोंना आपल्या पद्धतीने जबह करण्यास मनाई केली. जनावर कापायचे ते जुन्या ख्रिस्ती माणसाच्या हातून. १५२६ साली इन्क्विझिशनची कचेरी ग्रॅनडात आली. इन्क्विझिशन म्हणजे धर्मभ्रष्टांचा शोध घेणारे चर्चचे न्यायालय. डुकराचे मांस न खाणे, दारू नाकारणे, रमजानात दिवसभर चूल न पेटणे, जमिनीवर बसून कुसकुस खाणे, हे सारे संशयाचे पुरावे ठरले. डुकराच्या चरबीऐवजी तेलात स्वयंपाक केला तरी शेजाऱ्याच्या नाकाला संशय येई. शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवण्याचा हुकूम होता, म्हणजे आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसावे. १५३८ साली तोलेदोतल्या एका मोरिस्कोवर खटला भरला गेला. रात्री वाद्ये वाजवली, झांब्रा नाच केला आणि कुसकुस खाल्ले, हे त्याच्यावरचे आरोप.

या घुसमटीत लोक जगले कसे? १५०४ साली मगरिबमधल्या एका मुफ्तीने, मूळच्या वहरानच्या अहमद इब्न अबी जुमआ यांनी, त्यांच्यासाठी फतवा लिहिला. जबरदस्तीच होत असेल तर मनातून नाकारून डुकराचे मांस खा, दारू प्या. नमाज इशाऱ्याने पढा. दीन दिलात ठेवा. हा फतवा लपतछपत हातोहात फिरला. आपण सणासुदीला कुणाच्या घरी जातो आणि हे चालत नाही म्हणून एखादी ताटली सहज बाजूला सरकवतो. यजमानही वाईट मानत नाही. ते सरकवणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी हा फतवा होता. सेर्वांतेसच्याच कादंबरीत हद्दपारीनंतर वेष पालटून परतलेला रिकोते नावाचा मोरिस्को भेटतो. गवतावर पसरलेल्या त्याच्या आणि सोबत्यांच्या शिदोरीत हॅमची चघळून झालेली हाडे आहेत आणि दारूच्या बुधल्या आहेत. आम्हांला ती हाडे पोटासाठी नव्हे, वाटेवरच्या पाहणाऱ्यांसाठी ठेवलेली वाटतात.

१५६७ साली नवे फर्मान निघाले. अरबी भाषा, पोशाख, हमाम, लग्नातली गाणी, सगळ्यांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रॅनडाच्या न्यायालयाच्या अध्यक्षांना निवेदन दिले. त्याचा मुद्दा साधा होता: पोशाख, हमाम, वाद्ये या मुलखाच्या चाली आहेत, धर्माच्या नव्हेत, पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात, म्हणून ते मुसलमान ठरत नाहीत. निवेदन ऐकले गेले नाही. दुसऱ्या वर्षी आल्पुहारा पेटले.

ही तपासणी एकट्या मुसलमानांची नव्हती, हे आम्ही आवर्जून नोंदवतो. ज्यूंना देशाबाहेर घालवणारे फर्मान ३१ मार्च १४९२ रोजी याच ग्रॅनडात निघाले. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून ज्यू घरांत शुक्रवारीच मंद निखाऱ्यांवर चढवायचा हरभरे-मांसाचा रस्सा असे. त्याचे नाव ‘आदाफिना’, अरबीत ‘पुरलेले’. धर्मांतर करून मागे राहिलेल्यांच्या घरात हा रस्सासुद्धा गुन्ह्याचा पुरावा होई. आजच्या स्पेनचा लाडका कोसिदो त्याच रश्श्यात डुकराचे मांस घालून तयार झाला, असे अनेक अभ्यासक मानतात.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. शेजारच्या पोर्तुगालचे इन्क्विझिशन १५६० साली आपल्या गोव्यात आले आणि १८१२ साली कायमचे बंद झाले. तिथे जाळ्यात सापडले ते मुख्यतः हिंदूंतून ख्रिस्ती झालेले लोक. १७३६ च्या फर्मानाने त्यांना ज्या जुन्या चाली बंद केल्या, त्यांत मीठ न घालता भात शिजवणेही होते. मराठीचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना ग्रॅनडा आणि गोवा यांतले अंतर मिटते. तिकडे तेल, इकडे मीठ. चुलीपाशी उभी असलेली बाई दोन्हीकडे तीच.

पाचवा मुक्काम शांत आहे. ग्रॅनडातल्या काही मठांत जगापासून अलिप्त राहणाऱ्या जोगिणी मिठाई करून विकतात. भिंतीत एक फिरते लाकडी कपाट असते. पलीकडची जोगीण दिसत नाही. पैसे ठेवायचे, कपाट फिरते, मिठाईचा डबा समोर येतो. बदाम, मध, तीळ, दालचिनी, साखर. घटक वाचले तरी ईदच्या सकाळचा वास येतो. अंदलुसची मिठाई अशी मठांच्या भिंतींआड टिकली. जपणाऱ्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण ज्या हातांनी ही मिठाई प्रथम केली, ते हात १६०९ ते १६१४ या काळात बंदरांवर उभे केले गेले. सुमारे तीन लाख माणसे जहाजांत घालून बाहेर काढली. त्या वेळचा एक तपशील आम्हांला झोपू देत नाही. वालेन्सियाच्या १६०९ च्या हुकमात शंभरांमागे सहा कुटुंबे मागे ठेवायची मुभा होती. कशासाठी? घरे, साखरेचे घाणे, भाताची पिके आणि पाटाचे पाणी सांभाळण्यासाठी! माणसे नकोत, पण त्यांचे भात आणि साखर हवी.

शेवटचा मुक्काम आल्बाइसिनच्या चढावर. काल्देरेरिया गल्लीत चहाची दुकाने ओळीने आहेत. पुदिन्याचा चहा, बाकलावा, पितळी तबके. ही दुकाने जुनी नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस, बहुतांशी मोरोक्कोहून आलेल्यांनी ती मांडली. त्याच मोहल्ल्यात, अल्‌हंब्राच्या समोरच्या टेकडीवर, २००३ साली नवी जामा मशीद उघडली. त्याआधी १९९२ साली, पाडावाला बरोबर पाचशे वर्षे होताना, स्पेनच्या संसदेने देशातल्या मुसलमानांशी केलेला सहकार्य करार कायद्याने मंजूर केला. त्याचे चौदावे कलम हलाल अन्नाविषयी आहे. सरकारी शाळा, तुरुंग, सैन्य यांत मुसलमानांना त्यांच्या दीनाप्रमाणे अन्न देण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात म्हटले आहे. १४९१ च्या अहदनाम्यातले ते मांसाच्या दुकानांचे कलम आणि हे चौदावे कलम शेजारी ठेवून वाचावे. मधे पाचशे वर्षे गेली.

हिशेब पुरता मिटला, असे मात्र नाही. २०१५ साली स्पेनने कायदा करून हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा दरवाजा काही वर्षांसाठी उघडला, आणि ते योग्यच केले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तशी तरतूद झाली नाही.

खाद्यफेरीच्या वाटाड्यांवर आमचा राग नाही. त्यांच्यामुळे आज कितीतरी लोकांना कळते की स्पेनच्या ताटातले वांगे, नारिंग, साखर, भात अरबी बोलतात. पण ‘मूर लोकांनी हे आणले आणि मग ते निघून गेले’ या एका वाक्यावर गोष्ट संपवली जाते, तिथे आमची हरकत आहे. ते निघून गेले नाहीत, त्यांना काढले. आणि काढण्याआधी शंभर वर्षे त्यांच्या ताटावर पहारा बसवला. आज जो पदार्थ वारसा म्हणून बशीत येतो, तोच एके काळी आरोपपत्रात लिहिला गेला होता.

आमच्या वाचकांपैकी कुणी कामानिमित्त किंवा सहलीने ग्रॅनडाला गेलेच, तर काकवी घातलेली वांगी जरूर खावीत. ती कोणत्या तेलात तळली ते आधी विचारावे. वाटाड्या गोष्ट सांगू लागला की त्याला मांसाच्या दुकानांच्या त्या कलमाविषयीही विचारावे. त्याला माहीत असेल तर बरोबरीचे आठ-दहा जण ऐकतील. नसेल तर आपण सांगावे.